गावात जुलाबाची नाहीतर काविळीची साथ आली तर तिचं मूळ कसं शोधायचं

पावसाळा लागला की कुठल्या ना कुठल्या गावातून बातमी येतेच, गॅस्ट्रोची लागण झाली, इतके जण ॲडमिट, मग पीएचसीची, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची टीम येते, शाळेत नाहीतर समाजमंदिरात सलाइन लागतात, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं, आठवड्याभरात सगळं शांत होतं आणि पुढच्या वर्षी परत तेच. का परत तेच? कारण पेशंट बरे झाले पण घाण नेमकी कुठून शिरली ते कुणी शोधलंच नाही. हे शोधणं म्हणजेच संशोधन, आणि ते फक्त पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये होतं असं अजिबात नाही. त्यातलं बरंचसं काम गावात वही-पेन घेऊनच होतं, आणि कुठली लाइन कुठून जाते, कोण कुणाच्या नळावर पाणी भरतं हे गावातल्याच माणसाला माहीत असतं. म्हणून आशाताई, ग्रामपंचायत सदस्य, मास्तर, कॉलेजची पोरं-पोरी, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदवी) करणारे, ज्यांना कुणाला यात हात घालायचाय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी जीव, मग वही. जुलाब लागलेल्याला ओआरएस चालू करायचं, एक मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, लहान मुलांना सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. डोळे खोल गेलेत, लघवी होत नाही, मूल मलूल पडलंय, पोटात पाणी ठरत नाहीये असं दिसलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन लावा. आणि पहिल्याच दिवशी पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरला कळवा. मोठ्या माणसाला तांदळाच्या पेजेसारखे पांढरट पाण्यासारखे जुलाब होऊन काही तासांत तो गळून गेला तर कॉलऱ्याचा संशय घ्यायचा आणि लगेच, म्हणजे रात्री असेल तर रात्रीच कळवायचं. आपण जे शोधणार ते सरकारी टीमच्या जोडीने करायचंय, त्यांना टाळून नाही.

आता मुद्द्याचं.

पहिलं काम, खरंच साथ आहे का ते बघणं. पावसाळ्यात थोडेफार जुलाब सगळीकडेच असतात. साथ म्हणजे त्या गावात त्या दिवसांत नेहमी असतात त्याच्यापेक्षा जास्त पेशंट. उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये मागच्या वर्षीचा हाच आठवडा बघा, गावातल्या खाजगी डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला विचारा की गोळ्या, ओआरएस किती खपतंय. मेडिकलवाल्याला बऱ्याचदा सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं, कारण निम्मे लोक दवाखान्यात न जाता थेट त्याच्याकडेच जातात.

दुसरं, पेशंट कुणाला म्हणायचं ते ठरवून कागदावर लिहा. उदाहरणार्थ, "अमुक तारखेनंतर, या गावात राहणारा किंवा या गावात जेवलेला, ज्याला २४ तासांत ३ किंवा जास्त वेळा पातळ संडास झाली". काविळीला, "डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी". हे कंटाळवाणं वाटतं पण हे न करता सर्व्हे केला की एक जण नुसतं पोट दुखणाऱ्यालाही धरतो, दुसरा फक्त ॲडमिट झालेल्यांना धरतो आणि मग दोन वाड्यांचे आकडे एकमेकांशी जुळवताच येत नाहीत.

मग यादी. एका ओळीत एक माणूस. नाव, वय, बाई की पुरुष, घर किंवा वाडी, लक्षणं, कधी सुरू झालं, पिण्याचं पाणी कुठलं, बाहेर कुठे जेवण झालं का, घरात अजून कोण आजारी, तपासणीला नमुना दिला का, आता कसा आहे. सगळ्यात महत्त्वाचा रकाना "कधी सुरू झालं", तारीखच नाही तर जमेल तितकी वेळ पण, सकाळी, दुपारी, रात्री. लोकांना तारीख आठवत नाही, बाजाराच्या दिवसावरून, उपासावरून, शेतात काय काम चालू होतं त्यावरून विचारलं की बरोबर सांगतात. यादी दवाखान्यात बसून करायची नाही, घरोघर जाऊनच करायची. आणि ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही, कुणाच्या घरात कोण आजारी हे गावभर फिरवायचा आपल्याला हक्क नाही, आणि एकदा फिरलं की पुढच्या घरी खरं कुणी सांगत नाही.

यादी झाली की चौकटीच्या वहीत आडव्या रेघेवर तारखा टाका आणि प्रत्येक पेशंटमागे एक चौकट रंगवत वर जा. हे चित्र खूप बोलतं. सगळे पेशंट एका-दोन दिवसांत एकदम वर चढून खाली आले असतील तर सगळ्यांना एकाच वेळी काहीतरी बाधलंय, पंगत, भंडारा, किंवा एका दिवशी पाण्यात शिरलेली घाण. चढ हळूहळू असेल आणि उतरतच नसेल तर घाण अजूनही शिरतेय. तिथून मागे मोजायचं. जेवणानंतर दोन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या तर जेवणातलं विष, उपासाच्या दिवशी असेल तर भगरीचं पीठ जरूर विचारा, जुनं दमट पीठ असलं की त्यात बुरशी धरते आणि एकादशीला, महाशिवरात्रीला अशा बाधा होतात. कॉलऱ्याला काही तासांपासून ५ दिवस लागतात, बहुतेक करून दोन-तीन दिवस. टायफॉइडला एक ते तीन आठवडे. काविळीतला हिपॅटायटिस ए साधारण २८ दिवसांनी दिसतो, हिपॅटायटिस ई दोन ते दहा आठवड्यांनी. म्हणजे आज डोळे पिवळे झालेत त्याला काल काय प्यायलास विचारून काहीच उपयोग नाही, महिना-दीड महिना मागे जायला पाहिजे, तेव्हा पाइप फुटला होता का, रस्त्याचं खोदकाम झालं होतं का, टँकर आला होता का, हे विचारायचं.

नकाशा काढताना नुसती घरं काढून भागत नाही, पाण्याची लाइन काढा. विहीर, मोटार, टाकी, मेन लाइन, वॉल्व, फाटे, शेवटचा नळ. हे सगळं ज्याच्या डोक्यात असतं तो माणूस म्हणजे पाणी सोडणारा, वॉल्व फिरवणारा. त्याच्यासोबत पूर्ण लाइन पायी चाला, आणि दोनदा चाला, एकदा पाणी चालू असताना आणि एकदा बंद झाल्यावर. पाणी चालू असताना गळतीतून पाणी बाहेर येतं, ते दिसतं. बंद झालं की पाइपात दाब राहत नाही आणि त्याच भोकातून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं, ते दिसत नाही. दिवसाआड तासभर पाणी येणाऱ्या गावात उरलेला सगळा वेळ लाइन अशी रिकामी पडलेली असते. वॉल्वचा चेंबर उघडून बघा, बऱ्याच ठिकाणी तो रस्त्याच्या पातळीखाली असतो, झाकण फुटलेलं, आत गुडघाभर गढूळ पाणी, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि त्या पाण्यात बुडालेला वॉल्व, ज्याच्या पॅकिंगमधून थेंब थेंब पाणी गळतंय. पुढे जाऊन नळ बघा, दाब कमी म्हणून लोकांनी खड्डा करून खाली नळ घेतलेला असतो, तोटी नसते, पाणी आलं की खड्डा भरतो आणि गेलं की खड्ड्यातलं पाणी परत पाइपात. कुणी लाइनला थेट मोटार लावली असेल तर ती शेजारची गळतीही ओढून घेते.

आणि बायकांना विचारा. पाणी त्या भरतात. "पहिल्या दोन घागरी आम्ही सोडून देतो, वास येतो त्याला" हे वाक्य ऐकलं की समजा की त्या फाट्यावर कुठेतरी लाइन फुटलेली आहे. कधीपासून वास येतो हे पण विचारा, ती तारीख चौकटींच्या चित्राशी ताडून बघा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती. जे आजारी पडले नाहीत त्यांनाही तेच सगळे प्रश्न विचारा. सर्व्हे करणारे नव्वद टक्के वेळा फक्त पेशंटच्या घरी जातात. वीस पेशंटला विचारलं, वीसच्या वीस नळाचं पाणी पितात, झालं, नळ दोषी. पण सगळं गावच नळाचं पाणी पीत असेल तर त्यातून काय कळलं? काहीच नाही. तुलना झाली की मगच त्याला संशोधन म्हणायचं, नाहीतर ती नुसती नोंद.

समजा गावात जुन्या लाइनवर ४०० माणसं आहेत आणि त्यातले ४८ आजारी, म्हणजे शंभरात १२. बोअरच्या पाण्यावर २५० माणसं, त्यातले ५ आजारी, म्हणजे शंभरात २. सहा पट फरक. आता बोट ठेवायला जागा मिळाली. पण इथे थांबू नका, बोअरवाल्या त्या ५ जणांकडे परत जा. ते का आजारी पडले? बहुतेक वेळा उत्तर असं निघतं की पोरं शाळेत जुन्या लाइनचं पाणी पितात किंवा ती बाई धुण्या-भांड्याला त्या आळीत जाते आणि तिथेच पाणी पिते. उलट जुन्या लाइनवर राहूनही ठणठणीत असलेल्या घरात विचारा, उकळून पितात का, फिल्टर आहे का, मळ्यातून पाणी आणतात का. आजारी माणसाचं घर सोडून येताना दोन घरं पलीकडच्या, साधारण त्याच वयाच्या, धडधाकट माणसाला तेच प्रश्न विचारायचे, इतकं साधं आहे. आणि प्रश्न अगदी त्याच शब्दांत, "तुम्ही ते खराब पाणी प्यायलात का" असं विचारायचं नाही, "पिण्याचं पाणी कुठून आणता" इतकंच.

ही पद्धत जुनी आहे आणि कसाला उतरलेली आहे. १८५४ मध्ये लंडनला ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलऱ्याने सहाशेवर माणसं गेली, तेव्हा कॉलरा हवेतल्या दुर्गंधीने होतो असं मोठमोठे डॉक्टर मानायचे. जॉन स्नो या डॉक्टरने मयतांची घरं नकाशावर मांडली हे सगळे सांगतात, पण माझ्या मते त्याचा खरा पुरावा वाचलेल्या लोकांत होता. त्याच गल्लीत एक दारूभट्टी होती, सत्तरच्या आसपास कामगार, त्यातलं कुणी मेलं नाही, ते बिअर प्यायचे आणि भट्टीची स्वतःची विहीर होती. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं होती, तिथे फक्त ५ गेली, त्यांचीही विहीर वेगळी. आणि लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली, तिच्या शेजारात कुणालाच नव्हता, चौकशी केल्यावर कळलं की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती ते रोज मागवून घ्यायची. हवा सगळ्यांची एकच, पाणी वेगळं. लोकांनी ते पाणी पिऊ नये म्हणून पंपाचा दांडा काढला तोपर्यंत साथ उतरणीला लागलेली होती हे खरं, पण तुलनेतून निघालेली गोष्ट जगाला पुढे कायमची कामाला आली.

आपल्याकडेही हेच. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, हाफकिन या शास्त्रज्ञाने लस बनवली, जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले आणि न टोचलेले कैदी यांची तुलना केली, म्हणून लस चालते हे सांगता आलं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायचं काम गावातल्याच शिकवलेल्या बायकांकडून केलं आणि शेजारच्या ४७ गावांत नेहमीचंच चालू ठेवलं, पण जन्म-मृत्यूची मोजणी दोन्हीकडे तितक्याच काटेकोरपणे केली. नवजात बाळांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्के कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळ बघायला घरी येते ती त्यातूनच. त्या ४७ गावांची मोजणी नसती तर दिल्लीतल्या कुणाला हे पटवून देता आलं असतं का? मला नाही वाटत.

बरं, आता पाण्याचे नमुने. इथे घाई नडते. साथ कळली की लोक आधी टीसीएल ओततात आणि मग नमुना घेतात, आणि रिपोर्ट "पिण्यास योग्य" येतो. नमुना आधी, टीसीएल नंतर, दोन्ही त्याच तासात. टीसीएलसाठी थांबायचं नाही, फक्त क्रम बदलायचा. बाटली लॅबमधून आणलेली निर्जंतुक, बिसलेरीची धुतलेली चालत नाही. विहीर, टाकी, मधला नळ आणि शेवटच्या टोकाचा नळ असे वेगवेगळे घ्या, कुठे घेतला ते बाटलीवर लिहा, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. विहिरीचा चांगला आणि शेवटच्या नळाचा खराब आला तर घाण मधल्या लाइनीत, हे तिथेच सुटलं. आणि एक नमुना चांगला आला म्हणून पाणी निर्दोष सुटत नाही, गळतीतून घाण सतत येत नसते, तुम्ही बाटली भरली तेव्हा ती आलीच नसेल. जुलाबाचा नमुना आरोग्य खात्याचे लोक घेतील, त्यांना इतकंच सांगा की अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर जंतू सापडायची शक्यता खूप कमी होते.

रोजची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते बघायची तपासणी, मात्र तुम्ही स्वतः करू शकता. टाकीजवळ करून काही अर्थ नाही, शेवटच्या नळाला करा, पाणी पिवळं झालं पाहिजे. क्लोरीन ०.२ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) खाली नको, साथीच्या दिवसांत ०.५ तरी धरा. पिवळं होत नसेल तर टीसीएल कमी पडतंय, किंवा पावडर जुनी आहे. पोतं उघडं राहिलं की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि खाली नुसता चुना राहतो, कितीही टाका. किंवा वाटेत इतकी घाण मिसळतेय की क्लोरीन तिथेच संपतोय, आणि हे तिसरं कारण असेल तर तुमचा शोध बरोबर चाललाय.

काविळीच्या बाबतीत एक वेगळं सांगायला पाहिजे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर नाल्याचं पाणी पाणीपुरवठ्याच्या तोंडाशी आलं. कर्मचाऱ्यांच्या ते लक्षात आलं, क्लोरीन वाढवला, त्यामुळे टायफॉइड, हगवण वाढली नाही, पण काही आठवड्यांनी काविळीचे २९,००० च्या वर पेशंट निघाले. जंतू मेले, विषाणू निसटला. त्या वेळचे रक्ताचे नमुने जपून ठेवले होते, १९८० मध्ये ते तपासल्यावर कळलं की तो हिपॅटायटिस ए नव्हताच, ज्याला आज आपण ई म्हणतो तो होता. पंचवीस वर्षांनी उत्तर मिळालं ते कुणीतरी नीट नोंदी आणि नमुने ठेवले म्हणून. आपल्यासाठी यातून निघतं ते असं की पाण्यात सांडपाणी मिसळलं असेल तर नुसत्या क्लोरीनवर विसंबायचं नाही, पाणी उकळा. आणि गावातल्या सगळ्या गरोदर बायकांची यादी पहिल्याच दिवशी करा, हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जिवावर बेततो, शंभरात वीस-पंचवीस जणींपर्यंत दगावू शकतात, त्यांना डोळे पिवळे दिसायची वाट न बघता उकळलेलं पाणी आणि डॉक्टरची नजर दोन्ही पाहिजे.

नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तर तेही लिहा, किरकोळ वाटलं तरी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या भागात अचानक जीबीएसचे, म्हणजे हातापायातली ताकद जाण्याचे पेशंट वाढले, बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते, आणि एनआयव्हीच्या (पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) तपासणीत काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला. डॉक्टरांनी नेहमीपेक्षा जास्त पेशंट दिसताहेत म्हणून लगेच कळवलं, म्हणून पाण्याकडे लक्ष गेलं. तुमच्या वहीत "जुलाबानंतर पाय लटपटतात" अशी एक ओळ असेल तर ती त्याच दिवशी मेडिकल ऑफिसरला दाखवा.

लाइन दुरुस्त झाली, टीसीएल नियमित झालं, तरी वही बंद करू नका. जुलाबाचा शेवटचा पेशंट निघाल्यानंतर कॉलऱ्यासाठी १० दिवस तरी घरोघर विचारत राहा. काविळीला खूप लांब, आज पाणी स्वच्छ झालं तरी आधी बाधलेले लोक पुढचे दहा आठवडे डोळे पिवळे करून येतील, तेव्हा "दुरुस्ती करून काय उपयोग झाला" असं गाव म्हणेल, त्यांना हे आधीच सांगून ठेवा. चौकटींचं चित्र रोज पुढे काढत राहा, दुरुस्तीच्या तारखेला एक उभी रेघ मारा, म्हणजे रेघेनंतर काय झालं ते सगळ्यांना दिसेल.

शेवटी एका पानाचा रिपोर्ट लिहा, मोठा लिहिलात तर कुणी वाचणार नाही. किती माणसं आजारी, कुठल्या लाइनवर शंभरात किती, चौकटींचं चित्र, हाताने काढलेला लाइनचा नकाशा, नमुन्यांचे रिपोर्ट, ओटीचे आकडे, आणि काय दुरुस्त करायचं ते जागेसकट, "मारुती मंदिरामागचा वॉल्व चेंबर रस्त्याच्या वर उचलून घेणे, गटार ओलांडणारा पाइप बदलणे" इतकं नेमकं. एक प्रत मेडिकल ऑफिसरला, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) देऊन पोच घ्या, आणि ग्रामसभेत वाचून ठराव करून घ्या. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो, त्यामुळे पैसे नाहीत हे उत्तर आलं तर त्याच सभेत त्या निधीचा हिशोब मागा, आणि चेंबरचं काम कोणत्या तारखेपर्यंत होणार ते ठरावात लिहून घ्या, मे महिना संपायच्या आतली तारीख.